वेलीचा विटाळ

अंजनगाव सुर्जी
३ एप्रिल २०२५

खुशी,

तू फोन उचलत नाहीस त्याले आता तीन महिने होतील. तुझा बाप म्हणते, "माय, तिनं तुझा नंबरच बंद करून टाकला." बरं केलं. कागद काही बंद करता येत नाही, लय झालं तर फाडता येते. पत्ता मोतीराम पोस्टमास्तरनं इंग्रजीत लिहून दिला. मले विचारते, "काकू, जपानले एवढं काय लिहून राहिल्या?" मी म्हटलं, "तिकीट लाव, तोंड नको लावू."

मी चौथी शिकलेली बाई. अक्षर मोठं अन् वाकडं दिसन, वाचून घे. माफी मागाले लिहून राहिली असं समजू नको. मी तसं काहून बोलली, तेवढं सांगाचं आहे.

जानेवारीत तुझं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलं. आठव्या दिवशी तू फोन केला. रडत नव्हतीस, ते मले आवडलं. तू सांगत होतीस, तिथल्या दवाखान्यातल्या बायांनी तिले आंघोळ घातली, टोपडं घातलं, तुझ्या हातात दिली. पायाचे ठसे कागदावर काढून दिले. अन् तिथल्या देवळात दगडाची लहान लहान लेकरं मांडून ठेवतात, त्यातलं एक तू तिच्यासाठी ठेवलं, त्याले लाल लाळेरं बांधलं. मग म्हटलीस, "आजी, तिचं नाव ऐक."

मी म्हटलं, "नाव नको घेऊ. जे रडलंच नाही त्याचं नाव ठेवलं की ते घर शोधत येते."

तू म्हटलीस, "येऊ दे."

तेव्हा माझी जीभ सुटली. "नागपंचमीले जोडे घालून मळ्यात शिरली, पान तोडलं, वेलीचा विटाळ केला. आता भोग."

फोन तूच ठेवला.

आता तू सांग, मी खोटं काय बोलली? आपण बारी, पानमळ्यावर जगणारे लोक. पानवेल आपल्या घरची लेक. नागपंचमीले तिचं पान तोडत नाहीत. जोडे घालून आत जात नाहीत. पाळीतली, बाळंतीण, सुतकातली बाई तट्ट्याच्या बाहेर उभी राहते. हे तुले पाळण्यात असल्यापासून माहीत. मागच्या नागपंचमीले, जपानले जाण्याआधी, तू अन् जावई ललित अकोल्याहून आले, अन् सगळे पूजेत असताना तू सरळ आत गेलीस. पान खुडलं अन् नाकाले लावून उभी राहिलीस. मी फाटकातून पाहून राहिली होती.

बाकी ठीक आहे. देवमन मळ्यात कामाले येते. एक गोष्ट तेवढी होऊन राहिली. वेल आपण शेवरीच्या झाडाले लव्हाळ्यानं बांधतो, हातहातभर अंतरानं. हल्ली खालचे बंध सुटलेले सापडतात. वरचे नाही, खालचेच. गुडघ्याच्या खालचे. देवमन म्हणते, मुंगूस असन. मुंगसाले गाठ सोडता येते हे मले या वयात समजलं.

जयवंता केशवराव


२४ एप्रिल

खुशी,

पहिलं पत्र पोचलं का नाही, देव जाणे. मोतीराम म्हणते, पंधरा दिवस लागतात, मधात समुद्र आहे. मी म्हटलं, समुद्राले काय घाई.

ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं. दुपारी बारा वाजता रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशात मळ्याच्या फाटकात बसून मी पानं निवडते. आत जात नाही. तुमी सारे समजता की आजीचे गुडघे गेले. गुडघे चांगले आहेत माझे.

तुले एकदा सांगितलं होतं, आठवते का, ही वेल आपल्या इथली नाही. कोण्या काळी आपल्या लोकांनी ओल्या मुलखातून आणली. इथं वऱ्हाडात आग बरसते, काळी माती भेगाळते. परमुलखाच्या पोरीले सासरी जपावं तसं तिले जपावं लागलं. चहूकडून तट्टे बांधले, वर सावली केली, दिवसाआड पाणी दिलं. मग या अंधाऱ्या ओल्या जागेत कोण जाईल अन् कोण नाही, याचे नियम झाले. आधी ऊन झालं, मग सावली झाली, मग पहारा झाला, अन् पहाऱ्याले देव चिकटला. बाई बाहेर कशी पडली, ते मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

तुमच्या जपानात म्हणे जमीन हलते, समुद्र घरात येते. तू मागे सांगत होतीस, तिथं पोटातच गेलेल्या लेकराले पाण्यातलं लेकरू म्हणतात. ते नदीकाठी दगडावर दगड रचत बसते, अन् कोणी तरी ते पाडून टाकते, म्हणून त्याले एक देव राखणीले दिला. मी तेव्हा हसली होती. मग विचार केला, ज्याचं घर दर चार वर्षांनी हलते तो दगडच रचणार. आमची जमीन हलत नाही. आमच्याकडे पुरलं की पुरलं, वर बोरीच्या काट्या टाकल्या की झालं, तोंडातून नाव नाही.

आता एक सांगते, तुझ्या बापालेही नीट माहीत नाही. त्याच्या, म्हणजे शेखरच्या आधी मले एक झालं होतं. बहात्तरचा दुष्काळ संपत नव्हता, त्रेहत्तरचा वैशाख होता. आजूबाजूचे सारे मळे वाळून गेले होते, आपला एकच जित्ता होता. विहिरीत घागर बुडत नव्हती. तुझा आजोबा गाडीवर पिंप टाकून दोन कोसावरून पाणी आणे. मी पानं खुडून राहिली होती, अन् मळ्यातच कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते.

सासूनं मले बाहेर काढलं. म्हणली, इथं बाळंत झाली तर वेल जळून जाईल. भर दुपारी चालवलं. रस्त्याच्या निंबापर्यंत गेली, तिथंच झालं. रडलं नाही. पोरगी होती.

सासू लय कडक होती. मेलेल्या माणसाबद्दल काय बोलावं. पण तिनं मले सांगितलं ते मी तुले सांगितलं, एवढंच. वेलीनं घेतलं, असं ती म्हणली होती.

खालचे बंध रोजच सुटून राहिले. आता देवमन दुपारी आत थांबत नाही. पाणी सोडते अन् माझ्याजवळ येऊन बसते. "मावशी, आत कोणी तरी लहान आहे असं वाटते." मी म्हटलं, "तुझं लग्न ठरलं म्हणून तुले जिकडे तिकडे लेकरं दिसून राहिली." तो हसला नाही.

जयवंता


६ जून

खुशी,

तुझं पाकीट आलं. मोतीराम स्वतः घेऊन आला, दारात उभा राहिला की आता फोडते अन् मग फोडते. मी पाकीट मांडीखाली घेतलं अन् त्याले पाणी दिलं. पाणी पिऊन गेला.

फोटो पाहिला. मोठमोठ्या झाडांखाली ओळीनं दगडाची लेकरं, सगळ्यांच्या गळ्यात लाल लाळेरं, एकाच्या डोक्यावर विणलेली टोपी. ती टोपी तू विणलेली, टाका ओळखला. तुझ्या आईनं शिकवलेला तो उलटा टाका तुले कधी नीट आला नाही. फोटोच्या मागं एकच ओळ: "आजी, तुझ्या बाळाला कुठे ठेवलं?"

एवढंच. कशी आहेस नाही, बरी आहे नाही. माझीच नात आहेस.

मले उत्तर येत नाही, खुशी. खरंच येत नाही. कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाईनं असं विचारायची रीत नव्हती. नवव्या दिवशी मी भाकरी थापायले बसली.

नईमा आली होती, तिले फोटो दाखवला. नईमा तुले माहीत आहे, बद्रुद्दीनची बाई. तीस वर्षं दोघं नवराबायको आपल्या मळ्यातली पानं बाळापूरच्या बाजारात नेत. बद्रुद्दीन गेल्यावर ती नुसती बसायले येते. कानानं कमी ऐकते पण मतलबाचं सारं ऐकते. फोटो उलटापालटा केला अन् म्हणली, "आमच्यातबी असंच. चार महिने झाले की जीव आला. मग पोटात मेलं तरी नाव ठेवाचं, कफन द्याचं, मिट्टी द्याची. कयामतले त्याले कोण्या नावानं बोलावतील मंग?"

मी म्हटलं, "तुमचं बरं आहे, हिशेब शेवटपर्यंत चालते. आमचं पाणी घातलं अन् सुटलं."

"सुटलं का?" ती म्हणली.

एका नदीचं पाणी प्यालो आमी दोघी. एकाच उन्हात काळ्या झालो. तिच्या घरच्या न रडलेल्या लेकराले नाव आहे, माझ्या घरी नाही, अन् तिकडे समुद्रापार दगडाले टोपी आहे. कोणत्या गावात जन्म झाला, कोणत्या देवासमोर हात जोडले, एवढ्यावर ठरते म्हणजे, मायनं किती दिवस रडाचं. मी समजत होती, हे वरून ठरून येते.

तुझी ओळ मी तिले वाचून दाखवली. कुठं ठेवलं. नईमा एकदम उठली अन् म्हणली, "शेळीले पाणी पाजाचं राहिलं." तिनं दोन वर्षांपूर्वीच शेळी विकली.

पाऊस अजून नाही.

जयवंता


२० जुलै

खुशी,

हे पत्र लिहायले मले दीड महिना लागला. तीन वेळा फाडलं. तुझ्या आईले वाटते, मी देवाचा जप लिहून राहिली.

दुसऱ्या पत्रात मी तुले लिहिलं की सासूनं मले बाहेर काढलं. तसं नाही. पन्नास वर्षं मी हेच सांगत आली, तुझ्या आजोबाले म्हटलं, कळा आल्या तर मळ्यात राहू नको, अशी त्याच्या मायनं मले ताकीद दिली होती. त्यानं मरेपर्यंत आपल्या मायशी धड बोलणं केलं नाही, तेही मी पाहिलं अन् तोंड शिवून बसली.

सासू त्या दिवशी अकोल्याले होती, नणंदेच्या घरी. मळ्यात मी होती अन् बद्रुद्दीनची माय होती. ती गावची दाई. पानं घ्यायले आली होती. मले घाम फुटलेला पाहून तिनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली, पोटाले हात लावला अन् म्हणली, "यहीं लेट जा, बेटी. लेकरू आडवं हाय. उठू नको."

तिनं दोन वाफ्यांच्या मधात आपली ओढणी अंथरली. मी निजली. वर पानं एवढी दाट की आभाळाचा ठिपका नाही. खाली माती थंड. सकाळीच पाणी सोडलं होतं, शेवटचं पाणी. तिनं पोटावर हात फिरवून लेकरू सरळ करायले घेतलं. मले वाटते ते फिरूनही राहिलं होतं.

अन् मी वर पाहिलं. सगळ्या अंजनगावात तेवढीच एक हिरवी जागा उरली होती. माझा नवरा दोन कोसावरून पाणी आणून तिच्या मुळाशी ओते, अन् स्वतः खारं पाणी पिये. माझ्या मनात आलं, इथं माझं रक्त सांडलं तर उद्या सारं काळं पडन. दाईले मी म्हटलं, "सोड मले." तिनं माझे खांदे दाबून धरले. म्हणली, "बेलकू कुछ नहीं होता, पगली. बेल फिर आ जाती."

मी तिचा हात झटकला. कोणी ढकललं नाही मले. कोणी बोललं नाही. मीच उठली. अनवाणी, भर बाराच्या उन्हात, निंबापर्यंत. दाई मागून हाका मारत होती. तीनशे पावलं. मी नंतर कितीदा मोजली आहेत.

नाळ गळ्याभोवती बसली होती. दाईनं लय केलं, तोंडात फुंकलं. मग तिनं त्याच ओढणीत गुंडाळलं अन् निघून गेली. मी पाहिलं तिच्याकडे, पण मागं गेली नाही.

त्या वर्षी वेल जगली. सगळे म्हणले, जयवंतानं मळा राखला. सासूनं अकोल्याहून येऊन मले नवं लुगडं दिलं.

त्या दिवसापासून मी आत पाय ठेवला नाही. लोक म्हणतात केवढी सोवळी आहे. मले भीती वाटते, खुशी. दुपारी फाटकात बसली की आत कोणी रांगते तसा आवाज येते. पानावरून पाणी गळते, उंदीर असतात, सगळं मले माहीत आहे. मी काही खुळी नाही. पण ते रांगणारं तीनशे पावलांइतकं येते अन् थांबते.

मागच्या नागपंचमीले तुले आत उभी पाहिली, पान नाकाले लावलेली, तेव्हाच मले समजलं होतं. पहिल्या महिन्यांत मलेही तसंच मळमळे. पानाचा वास घेतला की बरं वाटे. तुले दिवस गेले, हे तुझ्या आईच्या आधी मी ओळखलं. अन् तू आत सावलीत उभी होतीस, तुले कोणी बाहेर काढलं नव्हतं. तू स्वतःहून उठून गेली नव्हतीस. त्याचा मले राग आला. जानेवारीत जे बोलली तो राग होता. वेलीचं नाव घेऊन बोलली.

आता हे तुले समजलं. काय करायचं ते कर.

जयवंता


३० जुलै

खुशी,

नईमाले मी सरळ विचारलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती आली, तेव्हा तिचा हात धरून बसवली अन् कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "तुझ्या सासूनं माझी पोरगी कुठं नेली? शेळीचं सांगू नको."

ती म्हणली, "अम्मानं कसम घातली होती, जयवंताबाई. बारीचं घर, लोक काय म्हणतील. तुमचं तुमाले ठीक, आमचं आमाले ठीक, दंगा नको."

"मी बावन्न वर्षं दंगा केला का?"

मग तिनं सांगितलं. दाईनं पोरीले घरी नेलं. दुष्काळात घरात दोन घागरी पाणी होतं, त्यातली एक घागर तिच्या आंघोळीले घातली. नईमा तेव्हा नवी नवरी, तिनंच पाणी ओतलं. कबरस्तानच्या वरच्या अंगाले बद्रुद्दीनचा पहिला भाऊ आहे, तोही असाच न रडलेला. त्याच्या बाजूले ठेवली. मी विचारलं, "नाव?" नईमानं आधी दाराकडे पाहून घेतलं. मग म्हणली, "नगमा. अम्माले दुसरं नाव सुचलं नाही. बारीची लेक आहे, अल्ला समजून घेईल, म्हणली."

बारीची पोरगी अन् नगमा. माझी सासू ऐकती तर आडवी झाली असती. मले हसू आलं. नईमाही हसली.

कबरस्तानात बाया जात नाहीत. भिंतीपर्यंत गेलो. नईमानं बोट दाखवलं. तिथं काही नाही, गवत अन् एक चपटा दगड. मी भिंतीवरून नाव घेतलं, मोठ्यानं, एकदा. नईमा म्हणली, "हळू, जयवंताबाई." मी म्हटलं, "तुले ऐकू आलं म्हणजे तिलेही आलं असन."

काल नागपंचमी झाली. देवमनचं लग्न झालं, त्याची बायको प्रणाली पहिल्यांदाच पूजेले आली होती. दर वर्षी नव्या नवरीले नियम मीच सांगते, माझंच वय जास्त. ह्या वेळीही सांगितला, आज पान तोडाचं नाही. पोरगी धीट आहे, विचारते, "तोडलं तर काय होते, आजी?" इतकी वर्षं मी म्हणत आली, कूस जळते. साऱ्या बाया माझ्याकडे पाहून राहिल्या.

मी म्हटलं, "काही होत नाही. वर्षातून एक दिवस वेलीले आराम देतो आपण, एवढंच. अन् कोणाले कळा आल्या तर इथंच निजाचं, बाहेर पळाचं नाही."

तुझ्या आईच्या हातातला दिवा विझला. एक म्हातारी म्हणली, "जयवंताले उन्ह लागलं." मी म्हटलं, "लागलं होतं, त्रेहत्तरले. आता उतरून राहिलं."

तुझ्यासाठी हे लिहून देते, सही खाली आहे. कोणी काही म्हटलं तर दाखव. पान तोडल्यानं तुझं लेकरू गेलं नाही. जोडे घातल्यानं गेलं नाही. मी जे बोलली ते खोटं होतं, अन् खोटं आहे हे माहीत असून बोलली. हे माफीत येते का नाही, मले माहीत नाही. आमच्या पिढीले मोठ्यानं लहानाची माफी मागायची रीत नव्हती. तुमच्याकडे लोक वाकतात म्हणे, कमरेतून. तसं समज.

उत्तर द्यावं वाटलं नाही तर नको देऊ.

आज दुपारी देवमन जेवायले गेला तेव्हा मी चपला फाटकात काढल्या अन् आत गेली. बावन्न वर्षांत वाफे बदलले, शेवरी बदलली, तरी पाय बरोबर गेले. दोन वाफ्यांच्या मधात पदर अंथरला. वर तीच दाट पानं. खाली माती थंड. लय थंड, खुशी. एका लेकराले पुरून उरली असती एवढी थंड. बाजूच्या ओळीत काही तरी सरसरलं, जवळ आलं, अन् थांबलं. मी पाहिलं नाही.

तुझी आई फाटकातून हाका मारून राहिली होती, "सासूबाई, काय झालं, उठा, उठा लवकर."

मी उठली नाही.

जयवंता केशवराव